देखरेखीचीं दप्तरें आणि त्यांचें प्रामाण्य

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका संग्राहक मित्रांनीं एक हस्तलिखित सूची अभिप्रायार्थ आम्हांकडे सिल्लोडास पाठविली. मराठवाड्यांत छापले अथवा वाचले गेलेले मराठी ग्रंथ आणि नियतकालिकें यांची, आरंभापासून सन १९४८ पर्यंतची, ही सूची आहे. तिच्यामागें बारा वर्षांचे श्रम असून कित्येक जुन्या घरांतील माळे व कोनाडे त्यांनीं स्वतः झाडून पाहिले आहेत. त्या श्रमांविषयीं आम्हांस आदरच आहे. सूची अद्याप छापली गेली नसल्यामुळें कर्त्याचें नांव येथें घेत नाहीं. परंतु तिच्या प्रस्तावनेंतील एका विधानाचा परामर्श उघडपणें घेणें अवश्य वाटतें, कारण तें विधान त्यांचें एकट्याचें नाहीं. विधान असें: मुंबई सरकारच्या त्रैमासिक ग्रंथयाद्यांत मराठवाड्यांतील छापखान्यांच्या नोंदी नाहींत, सबब निजामी अमलांत या प्रांतीं मराठी मुद्रण नांवापुरतेंच होतें.

यांतील हेतु व साध्य यांची गांठ पडत नाहीं. एखादी वस्तु दिसत नाहीं एवढ्यावरून ती नाहीं असें ठरत नाहीं. ती असती तर येथें दिसलीच असती अशी खात्री असेल, तरच तिच्या न दिसण्यास प्रमाणाची योग्यता येते. शास्त्रकार जिला योग्यानुपलब्धि म्हणतात ती हीच. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून घट नाहीं असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. आणि मुंबईच्या याद्या ही मराठवाड्यापुरती अंधारी खोली आहे.

त्या याद्या कोठून आल्या हें प्रथम पाहूं. सन १८६७ च्या २५ व्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रत्येक छापखानेवाल्यानें मॅजिस्ट्रेटपुढें प्रतिज्ञापत्र करावें, छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचें व ठिकाणाचें नांव घालावें आणि ग्रंथ निघाल्यापासून महिन्याच्या आंत त्याची प्रत सरकारांत विनामूल्य दाखल करावी, असें ठरविलें. दाखल झालेल्या ग्रंथांची नोंद होऊन ती दर तीन महिन्यांनीं राजपत्रांत प्रसिद्ध होत असे. त्या नोंदीचे रकाने पाहिले म्हणजे कोणाही ग्रंथवेड्याच्या तोंडास पाणी सुटावें. ग्रंथाचें नांव व त्याचा अर्थ, भाषा, कर्ता, भाषांतरकार अथवा संपादक, विषय, छपाईचें व प्रकाशनाचें ठिकाण, मुद्रक व प्रकाशक, निघाल्याची तारीख, पृष्ठें, आकार, आवृत्ति, काढलेल्या प्रतींची संख्या, छपाई टाइपाची कीं शिळाप्रेसची, किंमत, आणि शेवटीं हक्काचा मालक व त्याचा राहण्याचा पत्ता. आमच्या पोथ्यांच्या याद्यांत यांतले निम्मे रकाने तरी भरलेले असतात काय? कायद्याच्या उद्देशिकेंत छापखान्यांचें नियमन आणि ग्रंथांच्या प्रतींचें जतन हे दोन्ही हेतु एका दमांत सांगितले आहेत, ही गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत ठेवण्यासारखी वाटते. तीविषयीं पुढें बोलूं.

परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. आणि सिल्लोड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या मुलखांत. आमच्या गांवाहून उत्तरेस अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापुरापुढें गेलें कीं खानदेश लागतो. तेथें हा कायदा चालत होता, येथें नव्हता. जळगांवीं छापलेल्या चोपड्याचीं पानें मुंबईचा कारकून मोजी. औरंगाबादेस छापलेल्या चोपड्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. एवढी साधी गोष्ट ध्यानांत न घेतां मुंबईच्या याद्यांवरून मराठवाड्याचें दारिद्र्य सिद्ध करणें, म्हणजे खानदेशच्या सातबाऱ्यांत आपलें शेत न सांपडल्यामुळें स्वतःस भूमिहीन समजणें होय.

निजामी राज्याचा बंदोबस्त निराळा होता व अधिक कडकहि होता. सन १९२९ च्या गश्ती निशान ५३ या हुकुमाची आठवण जुन्या मंडळींच्या तोंडून आम्हीं लहानपणीं अनेकवार ऐकली आहे. परवानगीवांचून सभा भरविण्यास त्यानें आडकाठी केली. वर्तमानपत्रांवर व छापखान्यांवर नजर होती ती वेगळीच. पण या देखरेखीचे कागद उर्दूंत लिहिलेले असून आज ते हैदराबादेस, तेलंगण राज्याच्या अभिलेखागारांत आहेत. आमच्या वडिलांच्या पिढीचें शिक्षण उर्दूंतून झालें. आम्हांस ती लिपि अडखळत वाचतां येते. आमच्या विद्यार्थ्यांस मुळींच येत नाहीं. म्हणजे मराठवाड्यांतील मराठी मुद्रणाचा इतिहास ज्यांस लिहावयाचा, त्यांस मोडीबरोबर शिकस्ता उर्दूहि शिकणें प्राप्त आहे. सूचीकारांनीं हैदराबादची वाट धरली नाहीं, हा त्यांच्या ग्रंथांतील मुख्य दोष. त्यांच्या वयाकडे व प्रवासाच्या दगदगीकडे पाहून आम्ही तो क्षम्य मानतों. पण मग अनुमान तरी आवरतें घ्यावयास पाहिजे होतें.

याच दोषाचें दुसरें फळ नियतकालिकांच्या भागांत दिसतें. आ. कृ. वाघमारे यांनीं सन १९३८ सालीं पुण्याहून 'मराठवाडा' हें साप्ताहिक काढलें. निजाम सरकारनें त्यास आपल्या हद्दींत बंदी केली. तेव्हां तेंच पत्र नांवें बदलून बदलून निघत राहिलें. बंदीचा हुकूम नांवानिशीं निघावयाचा. तेव्हां नवें नांव घेतलें कीं नवा हुकूम येईपर्यंत अंकास वाट मोकळी. पुढें हेंच पत्र औरंगाबादेस स्थिरावलें व अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालीं नांवारूपास आलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. आतां सूचींत काय झालें आहे? हीं बदललेलीं नांवें अकारविल्हे दूरदूर विखुरलीं असून प्रत्येकापुढें 'अल्पायुषी पत्र' असा शेरा पडला आहे! एक चिवट पत्र होतें, तें सूचीकारांच्या लेखणीनें मेलेल्या अर्भकांची रांग झालें. आम्हीं त्यांच्याच संग्रहांतील सुटे अंक मागवून घेतले व जाजमावर ओळीनें मांडून पाहिले. टाइपाची झीज, स्तंभांची रुंदी, शेवटच्या पानावरील जाहिरातींची मांडणी हीं एका अंकांतून दुसऱ्यांत अखंड चालू असलेलीं दिसतात. पोथीची पानें निरनिराळ्या बाडांत गेलीं असतां अक्षराच्या वळणावरून तीं एकत्र आणण्याची विद्या आपल्या वर्गास अवगत आहे. तीच येथें चालवावयाची. मात्र नांव कां बदललें याचें कारण अंकावर छापलेलें असेलच असें नाहीं. तें हुकुमाच्या कागदांत शोधावें लागतें, आणि हुकुमाचा कागद हैदराबादेस.

येथवर देखरेखीच्या दप्तराची उणीव सांगितली. आतां जेथें दप्तर भरपूर आहे तेथील धोका सांगतों. कारण सूचीकारांनीं खानदेश व पुणें येथील पत्रांचा मजकूर मुंबई सरकारच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांतून उचलून, पुन्हा मराठींत करून, अवतरणचिन्हांत घातला आहे. हें मात्र आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

देशी वर्तमानपत्रांचा गोषवारा मुंबईस सन १८६८ पासून तयार होऊं लागला. ओरिएंटल ट्रान्सलेटर, म्हणजे सरकारी भाषांतरकार, याच्या कचेरींत मराठी, गुजराथी इत्यादि पत्रें वाचून त्यांतील सरकारास कळण्याजोगा भाग इंग्रजींत उतरवीत व गुप्त म्हणून छापून अधिकाऱ्यांत फिरवीत. पत्रांच्या यादींत पत्राचें नांव, ठिकाण, खप, संपादकाचें नांव, जात आणि वय इतकें येई. जीं पत्रें आज नामशेष झालीं त्यांचा एवढाच अवशेष उरला आहे, म्हणून या गोषवाऱ्यांची किंमत मोठी. परंतु हा अवशेष कोणत्या चाळणींतून आला हें विसरतां कामा नये. चाळणी राजद्रोहाची. कीर्तनाची बातमी, धान्याचे भाव, नव्या पुस्तकाचा अभिप्राय, कुलकर्ण्याच्या तक्रारी यांतलें पुष्कळसें खालीं गळून गेलें. आणि जें वर राहिलें तें इंग्रजी होऊन राहिलें.

इंग्रजी होतांना काय होतें याचा उत्तम दाखला सन १९०८ च्या टिळकांवरील खटल्यांत आहे. 'देशाचें दुर्दैव' (१२ मे) व 'हे उपाय टिकाऊ नाहींत' (९ जून) या केसरींतील लेखांवर तो खटला झाला. ज्यूरींत बहुसंख्य युरोपियन. त्यांच्यापुढें होतें तें भाषांतर. टिळकांनीं भाषांतरकाराच्या कचेरींतील जोशी या साक्षीदाराची उलटतपासणी स्वतः केली आणि मूळ मराठी शब्दांचा झोंक इंग्रजींत कसा चढला हें एकेका शब्दावर दाखविण्याचा प्रयत्न केला. २२ जुलै रोजीं सातांविरुद्ध दोन अशा मतांनीं ज्यूरीनें दोषी ठरविलें व न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. न्यायाच्या भागांत आम्ही शिरत नाहीं. पण त्या उलटतपासणीचा वृत्तांत प्रत्येक संशोधकानें पाठसमीक्षेचा धडा म्हणून एकदां वाचावा. केसरीचे अंक उपलब्ध असल्यामुळें मूळ आणि भाषांतर शेजारीं ठेवतां येतात. त्यावरून कचेरीच्या भाषांतराची खोड कळते, आणि जेथें मूळ लुप्त आहे तेथें ती खोड वजा करून वाचतां येते. सूचीकारांनीं याच्या अगदीं उलट केलें. कचेरीच्या इंग्रजीचें पुन्हा मराठी केलें आणि तें त्या संपादकाचे शब्द म्हणून दिलें. हा प्रक्षेपच होय, मग तो कितीहि सद्हेतूनें झालेला असो.

जुन्या सवयीप्रमाणें येथें व्याकरणाचा एक विषय निघतो तो सांगून टाकतों. सन १८९७ च्या पहिल्या खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं कायद्यांतील 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला. आपल्याकडे नञाचे सहा अर्थ सांगतात. त्यांत 'अपाप' येथें अभाव, तर 'अधर्म' येथें विरोध. प्रीति नसणें हा गुन्हा मानला तर देशांतील बहुतेक प्रजा, आणि कित्येक कुटुंबेंहि, अपराधी ठरतील! त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांतील 'प्रतोद' पत्राचें प्रकरण मुंबईच्या पूर्णपीठापुढें गेलें, तेव्हां न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं हा शब्द केवळ अभाववाचक नसून त्यांत प्रत्यक्ष वैराची भावना अभिप्रेत आहे, असा निर्वाळा दिला. सन १८९८ मध्यें कायदा दुरुस्त झाला त्यांत राजनिष्ठेचा लोप व शत्रुत्वाची भावना यांचा स्पष्ट उल्लेख आला. रानड्यांनीं सहा नञर्थांचें स्मरण केलें होतें कीं काय न कळे. न्याय मात्र वैयाकरणाचा आहे.

नाटकांकडे वळलें म्हणजे दप्तराचें स्वरूप पालटतें. सन १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यानें सरकारास प्रयोग बंद करण्याचा अधिकार मिळाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' सन १९०७ मध्यें रंगभूमीवर आलें व सन १९१० मध्यें बंद झालें. विराटपर्वांतील कथा; पण प्रेक्षकांनीं कीचकाच्या जागीं कर्झनास पाहिलें. त्या प्रयोगाचें एक सविस्तर वर्णन व्हॅलेंटाइन चिरोल याच्या त्याच वर्षींच्या ग्रंथांत आहे, म्हणजे नाटकाच्या एका शत्रूच्या हातचें! संग्राहकांस यांतून घेण्यासारखें एवढेंच कीं, विरोधकाच्या दप्तरांत आपलीं चिजवस्तु पुष्कळदां अधिक नीट राहते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यांत रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळ सन १९५४ सालीं स्थापन झालें. त्यामुळें नाटकाच्या तीन प्रती संभवूं लागल्या: लेखकाची, मंडळानें संमत केलेली आणि प्रत्यक्ष प्रयोगाची. चौथी छापलेली. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकांत सन १९७२ मध्यें मंडळानें ३२ ठिकाणीं कात्री लावली. पुढें परवानाच रद्द झाला. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयांत गेले व त्याच वर्षीं जिंकले. त्या दिवसांचा वृत्तांत सारंगांनीं 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकांत लिहून ठेवला आहे. 'गिधाडे' या नाटकाची गोष्ट याहून मौजेची. सन १९७० च्या प्रयोगांत साडीवरील रक्ताच्या लाल डागास मंडळाची हरकत आली. तेव्हां तो डाग निळा करण्यांत आला व प्रेक्षकांनीं निळा हाच लाल समजावा असें जाहीर करण्यांत आलें. आतां उद्यां कोणा संशोधकास प्रयोगाच्या वहींत 'निळा' असा पाठ सांपडला, तर तो लेखकप्रमाद म्हणावा, पाठभेद म्हणावा, कीं राजाज्ञेनें झालेला विकार म्हणावा? मंडळाचा कागद जवळ नसेल तर रंगाच्या प्रतीकार्थावर एक लांबलचक निबंध लिहिला जाण्याचें भय आहे.

आमच्या जिल्ह्यापुरता चित्रपटाचा एक दाखला देणें अवश्य आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांवर प्रभात कंपनीनें सन १९३५ मध्यें चित्रपट काढला; नाथांची भूमिका बालगंधर्वांची. त्याचें मूळ नांव 'महात्मा'. परिनिरीक्षकांस त्या शब्दांत गांधीजी दिसले. तेव्हां चित्रपट 'धर्मात्मा' या नांवानें बाहेर पडला. त्यापूर्वीं सन १९३० मध्यें याच कंपनीच्या 'स्वराज्याचें तोरण' या शिवचरित्रपर मूकपटास 'उदयकाल' व्हावें लागलें होतें. सूचीकारांनीं चित्रपटांच्या जाहिरातपत्रकांस परिशिष्टांत जागा दिली आहे हें योग्यच केलें; परंतु मूळ नांवाचें एखादें पत्रक हातीं आलें तर तें स्वतंत्र व अज्ञात चित्रपटाचें म्हणून नोंदण्याची चूक त्यांनीं पुन्हा करूं नये.

वृत्तपत्रांसाठीं आज असलेल्या प्रेस कौन्सिलविषयीं फारसें लिहिण्याचें कारण नाहीं. तें सन १९६६ मध्यें निघालें. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ति ज. र. मुधोळकर हे आपल्याकडीलच. आणीबाणींत सन १९७६ च्या आरंभीं तें मोडलें गेलें आणि सन १९७८ च्या कायद्यानें पुन्हा उभें राहिलें. ताकीद देणें, समज देणें, निषेध नोंदणें एवढाच त्याचा अधिकार, दंड नाहीं. पण तक्रार, उत्तर आणि निर्णय असे कागद तेथें राहतात, आणि आमच्या दृष्टीनें तेवढें पुरे आहे.

खरी काळजी पुढची आहे. १८६७ चा कायदा आतां उरला नाहीं. त्याच्या जागीं आलेला सन २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलांत आला. तो नियतकालिकांपुरता आहे. ग्रंथांचा विषय त्यांतून वगळला गेला. छापखानेवाल्यांच्या मानेवरील जू उतरलें याचा आम्हांस खेद नाहीं. पण त्या जुवास बांधलेली नोंदवहीहि उतरली. सन १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा शिल्लक आहे. त्याप्रमाणें प्रकाशकानें ३० दिवसांत कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय व मुंबई, मद्रास, दिल्ली येथील तीन ग्रंथालयें यांस प्रत पाठवावयाची. न पाठविल्यास ५० रुपयेपर्यंत दंड व ग्रंथाची किंमत. तालुक्याच्या गांवीं शे-दोनशें प्रती काढून वांटणाऱ्या कवीस हा कायदा ठाऊक असतो असें आम्हांस दिसलें नाहीं.

दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांस आपण दाखविलेल्या मजकुराचें ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस ठेवण्याचें बंधन आहे. नव्वद दिवस! एकशें पन्नास वर्षांपूर्वींच्या परक्या सरकारास एका आण्याच्या लावणीसंग्रहाची प्रत कायमची ठेवावीशी वाटली. आणि संगणकावरील मजकुराची स्थिति तर याहून चमत्कारिक. तो अडविण्याच्या सन २००९ च्या नियमांतील १६ वा नियम तक्रार व कारवाई दोन्ही गुप्त ठेवण्यास सांगतो. मजकूर गेला, हुकूम दिसत नाहीं, प्रत कोणाजवळ नाहीं. 'मराठवाडा' पत्रास बंदी झाली तरी अंक माळ्यावर राहिले व हुकूम दप्तरांत राहिला. म्हणून आज सिल्लोडास जाजमावर बसून आम्हांस त्यांची सांगड घालतां येते. पुढील शतकांतील सूचीकारानें कशाची सांगड कशाशीं घालावी? देखरेख असावी कीं नसावी हा वाद राजकारणी लोकांचा. परंतु जें थांबविलें त्याची प्रत व कां थांबविलें त्याचा कागद, मुदत ठरवून कां होईना, अभिलेखागारांत गेलाच पाहिजे, एवढी मागणी संशोधनसंस्थांनीं एकमुखानें करण्यासारखी आहे.

तूर्त आपल्या हातीं असलेल्या गोष्टी करूं. नाटकमंडळ्यांच्या वारसांकडे शिक्के मारलेल्या व तांबड्या शाईनें रेघा ओढलेल्या वह्या पडून आहेत. त्या रद्दींत जात आहेत, कारण छापील पुस्तक असतांना वही कशास ठेवावी असें घरच्यांस वाटतें. संग्राहकांनीं छापील पुस्तकाआधीं ती वही मागावी. सूचीकारांस आम्हीं चार गोष्टी कळविल्या: नियतकालिकांस 'पूर्वनाम व उत्तरनाम' असा रकाना जोडावा, गोषवाऱ्यांतून घेतलेला सर्व मजकूर अवतरणचिन्हांबाहेर काढून त्यापुढें 'कचेरीच्या इंग्रजीवरून' असें लिहावें, कोणता कायदा कोठें व केव्हां लागू होता याचा एक नकाशा आरंभीं द्यावा, आणि प्रस्तावनेंतील तें वाक्य खोडावें.

पहिल्या तिन्ही सूचना त्यांनीं मान्य केल्या असून नकाशा काढावयास एका चित्रकला-शिक्षकास दिला आहे. परवां ते स्वतः सूची घेऊन आले होते. प्रस्तावनेंतील वाक्य अद्याप आहे; समासांत मात्र पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह केलेलें दिसलें, आणि त्याखालीं हैदराबादच्या गाडीची वेळ.